शून्य आणि कोरी जागा: क्रीडा पुरस्कार कोणाला द्यायचा?

१७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार दिले गेले. खेलरत्नच्या यादीत १८ वर्षांचा बुद्धिबळ जगज्जेता गुकेश होता, पॅरिसच्या एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदकं मिळवणारी मनू भाकर होती. अर्जुनच्या यादीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे होता. आणि अर्जुनच्याच 'जीवनगौरव' या रकान्यात एक नाव होतं, मुरलीकांत पेटकर.

पेटकर तेव्हा ८० वर्षांचे होते. मूळचे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्करात होते, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं. त्यानंतर ते पोहायला लागले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकले. वेळ ३७.३३ सेकंद, तेव्हाचा विश्वविक्रम. पॅरालिंपिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. २०२४मध्ये 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा आला आणि माझ्या वयाच्या बहुतेकांना हे नाव तेव्हाच पहिल्यांदा कळलं. अर्जुन पुरस्कार त्यानंतर, म्हणजे पोहून झाल्यावर ५२ वर्षांनी.

पुरस्कारांची यादी आली की दरवर्षी आपल्या फोनवर तोच वाद रंगतो. याला कसा काय दिला? तिला का नाही? अमुक राज्याचा म्हणून डावलला, तमुक क्रिकेटर म्हणून घुसवला. वाद नेहमी नावांवर होतो. नावं ज्या यंत्रणेतून येतात तिच्याकडे फार कमी जण बघतात. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे उत्तर चुकीचं वाटलं की आधी ते काढणाऱ्या प्रोग्रॅमकडे बघायची सवय आहे. भारतातल्या क्रीडा पुरस्कारांचा इतिहास त्या नजरेने वाचला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते.

डेटाबेसमध्ये एखाद्या रकान्यात शून्य असणं आणि तो रकाना कोरा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. कोरा म्हणजे मोजलंच नाही. कोऱ्याला शून्य समजून बेरीज केली की उत्तर येतं, प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, पण आलेलं उत्तर खोटं असतं. आपल्या पुरस्कारांबाबत अनेकदा नेमकं हेच झालं आहे.

हेलसिंकी, १९५२

सगळ्यात मोठी कोरी जागा खाशाबा जाधवांची. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला, कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पुन्हा पैशांचा प्रश्न, आणि त्याआधी निवडीचाही. निवडीवर वाद झाला, खाशाबांना दाद मागावी लागली, पुन्हा लढून जागा मिळवावी लागली. पैसे गोळा करायला गाव धावलं, ओळखीपाळखीचे धावले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं. समाजाने जे द्यायचं ते त्याच वर्षी दिलं, खेळाडूनेही समाजाचं देणं फेडलं. यात सरकार कुठे होतं, हा प्रश्न उरतोच.

सरकारच्या बाजूने एक सबब सांगता येते. १९५२ साली देशात क्रीडा पुरस्कार नावाची गोष्टच नव्हती. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१मध्ये. पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत बॅडमिंटनचे नंदू नाटेकर होते, मूळचे सांगलीचे. क्रिकेटचे सलीम दुराणी, टेनिसचे रामनाथन कृष्णन, बुद्धिबळाचे मॅन्युएल आरोन, फुटबॉलचे पी. के. बॅनर्जी होते. कुस्तीतला पहिला अर्जुन गेला उदय चंद यांना. त्यांनी त्याच वर्षी योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकलं होतं, त्यामुळे त्यांच्या निवडीवर बोट ठेवायला जागा नाही. पुरस्कार ताज्या कामगिरीसाठी होता. खाशाबांची कामगिरी नऊ वर्षं जुनी झाली होती. ते मुंबई पोलिसांत नोकरी करत होते.

म्हणजे कुणी बसून 'खाशाबा लायक नाहीत' असं ठरवलं, असं म्हणायला आधार नाही. ती वेळच आली नाही. त्यांनी पदक मिळवलं तेव्हा तक्ता नव्हता, तक्ता तयार झाला तेव्हा त्यात मागच्या तारखा घ्यायची सोय नव्हती.

पण ही सबब अर्धीच खरी आहे. पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले होते आणि ते खेळाडूंनाही मिळत होते. ध्यानचंद यांना १९५६ साली पद्मभूषण मिळालं, तेव्हा त्यांचं शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण २० वर्षं जुनं होतं. सी. के. नायडूंना त्याच वर्षी पद्मभूषण. बलबीर सिंग यांना १९५७ साली पद्मश्री. हे बलबीर खाशाबांच्याच हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये होते, हॉकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सवरच्या ६-१ अशा विजयात त्यांचे पाच गोल होते. पुढे १९५६चं सुवर्णही त्यांच्या नावावर आहे, त्यांचा मान रास्तच. १९५९ साली मिल्खा सिंग आणि इंग्लिश खाडी पोहणारे मिहीर सेन, १९६० साली आरती साहा, यांनाही पद्मश्री मिळाली. म्हणजे जुनी कामगिरी मोजायची पद्धत होती, हेलसिंकी विसरलं गेलं नव्हतं आणि हॉकी-क्रिकेटच्या पलीकडेही सरकारची नजर जात होती. ती गोळेश्वरपर्यंत पोहोचली नाही, इतकंच.

खाशाबा सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. १९९६ साली अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकलं आणि 'वैयक्तिक पदक याआधी कोणाचं?' असा प्रश्न आला. उत्तर ४४ वर्षं मागे जाऊन सापडलं. पेसला खेलरत्न लगेच मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण या दोघांच्या मधल्या ४४ वर्षांत देशाकडे दुसरं एकही वैयक्तिक ऑलिंपिक पदक नव्हतं. शोधायचं म्हटलं असतं तर यादी एका ओळीची होती.

नाही म्हणण्याची सोय

२००१ साली मिल्खा सिंग यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. त्यांनी तो नाकारला. ४० वर्षं उशीर झाला, हा त्यांचा मुद्दा होता. मोठ्या आणि किरकोळ कामगिरीतला फरक न करता पुरस्कार वाटले जातात, हा दुसरा.

मिल्खांचं उदाहरण दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचं आहे. १९५८चं राष्ट्रकुल सुवर्ण, आशियाई खेळांतली चार सुवर्णं असा त्यांचा हिशेब मोठा आहे. तरी लोकांच्या मनात मिल्खा राहिले ते १९६०च्या रोममधल्या ४०० मीटरमुळे, जिथे ते चौथे आले. पदकं मोजणाऱ्या कुठल्याही तक्त्यात चौथ्या जागेला शून्य गुण असतात. हे शून्य खरं शून्य आहे, मोजून आलेलं. त्यात अन्याय नाही, पदक नव्हतंच. तरीही तीच शर्यत देशाच्या आठवणीत सगळ्यात ठळक राहते. म्हणजे जे मोजता येतं आणि जे लक्षात राहतं, त्या दोन वेगळ्या याद्या आहेत. पुरस्कार देताना यातली कोणती यादी वापरतोय हे आधी सांगायला हवं, नाहीतर दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या यादीवरून भांडत राहतात.

मिल्खा जिवंत होते म्हणून उशिरा आलेल्या मानाला नाही म्हणू शकले. खाशाबांना ती सोय नव्हती.

सचिन की ध्यानचंद?

मी कॉलेजात होतो तेव्हाचा सगळ्यात मोठा पुरस्कार-वाद भारतरत्नचा. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर सचिनची शेवटची कसोटी संपली आणि त्याच दिवशी त्याला भारतरत्न जाहीर झालं, शास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांच्यासोबत. भारतरत्न मिळालेला तो पहिला खेळाडू आणि आजवरचा सगळ्यात तरुण मानकरी.

त्या वर्षी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची शिफारस ध्यानचंद यांच्या नावाची होती. १९२८, १९३२, १९३६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं. त्यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, आपण राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळतो. ते १९७९ सालीच गेले होते. सचिन जिवंत होता, निवृत्त होत होता, देश टीव्हीसमोर रडत होता.

दोघांची तुलना करणाऱ्या पोस्टी तेव्हा खूप फिरल्या: धावा विरुद्ध गोल, क्रिकेट विरुद्ध हॉकी, बाजार विरुद्ध परंपरा. पण या सगळ्याआधी दोनच वर्षं झालेली एक गोष्ट या चर्चेत फारशी आली नाही. भारतरत्नचे मूळ निकष कला, साहित्य, विज्ञान आणि सार्वजनिक सेवा असे होते. २०११ साली ते बदलून 'मानवी कर्तृत्वाचं कोणतंही क्षेत्र' असं करण्यात आलं. म्हणजे तोवर खेळ हा रकाना भारतरत्नच्या तक्त्यात नव्हता. ध्यानचंद यांना १९५४ ते २०११ या काळात भारतरत्न 'नाकारलं' असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. त्यांच्या नावासमोरही कोरी जागाच होती.

रकाना उघडला तो सचिनच्या कारकिर्दीच्या शेवटी, त्याच्या नावाची मागणी टिपेला पोहोचली असताना. सचिनला मिळालं याबद्दल मला तक्रार नाही. माझ्या पिढीचं लहानपण त्याच्या बॅटीवर तोललेलं आहे. पण नवा रकाना उघडल्यावर जुन्या नोंदी आधी भरायच्या की ताज्या, हा प्रश्न धोरणाचा होता. तो धोरण म्हणून कुणी मांडलाच नाही. आपण तो आवडीनिवडीचा करून टाकला. २०२१च्या ऑगस्टमध्ये खेलरत्नला ध्यानचंद यांचं नाव दिलं गेलं. ज्याला पुरस्कार देता आला नाही त्याचं नाव पुरस्काराला द्यायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा तोडगा. स्टेडियमबाबतही आपण तेच करतो. दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला २०१० साली खाशाबांचं नाव दिलं.

गुणांचा तक्ता आला

खेलरत्न १९९१-९२ साली सुरू झालं आणि पहिला मान विश्वनाथन आनंदला मिळाला. सुरुवातीची अनेक वर्षं पद्धत साधी होती. नावं यायची, समिती बसायची, चर्चा करून ठरवायची. समितीतली माणसं कोण, त्यांना कोणता खेळ कळतो, कोणी कोणासाठी शब्द टाकला, यावर बरंच अवलंबून.

२०१४ साली या पद्धतीचे कच्चे दुवे उघडे पडले. कपिल देव यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला खेलरत्नसाठी कोणीच लायक वाटलं नाही, त्या वर्षी ते दिलंच नाही. आणि बॉक्सर मनोज कुमारचं नाव अर्जुनच्या यादीतून गळालं. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेचा हा सुवर्णविजेता. डोपिंगच्या प्रकरणाशी त्याचा संबंध आहे असा चुकीचा समज झाला होता. त्याचा तसा काही संबंध नव्हता. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि शेवटी त्याला अर्जुन मिळाला. कोर्टात जायची ताकद, वकील, घरच्यांचा पाठिंबा हे सगळं त्याच्याकडे होतं म्हणून ही चूक दुरुस्त झाली.

याच काळात पदकांना गुण देण्याची पद्धतही पुढे आली. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक सगळ्यात वर, मग जागतिक स्पर्धा, आशियाई, राष्ट्रकुल. ठरावीक चार वर्षांतली पदकं मोजायची, बेरीज करायची, थोडे गुण समितीच्या हातात ठेवायचे. माझ्यासारख्याला हे ऐकायला बरं वाटतं. नियम लिखित, सगळ्यांना सारखा, कोणालाही घरबसल्या बेरीज करता येईल असा.

पण तक्ता आला म्हणून वाद थांबले नाहीत. २०१५ साली खेलरत्न सानिया मिर्झाला जाहीर झालं. तिने त्याच वर्षी मार्टिना हिंगिसबरोबर विम्बल्डनचं महिला दुहेरी जिंकलं होतं. एच. एन. गिरीशा हा उंच उडीतला पॅरालिंपियन, २०१२च्या लंडनमधला रौप्यविजेता, कर्नाटक उच्च न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं असं, की तक्त्याप्रमाणे माझे ९० गुण होतात आणि मी सगळ्यांच्या पुढे आहे. ग्रँड स्लॅमला तर तक्त्यात गुणच नाहीत. न्यायालयाने नोटीस काढली, पण २९ ऑगस्टला पुरस्कार सानियालाच मिळाला.

२०१८ साली पुन्हा तेच. मल्ल बजरंग पुनिया आणि विनेश फोगाट यांचे प्रत्येकी ८० गुण, वेटलिफ्टर मीराबाई चानूचे ४४ आणि विराट कोहलीचे शून्य, असे आकडे बातम्यांत आले. खेलरत्न मीराबाई आणि विराटला मिळालं. बजरंगने कोर्टात जायची भाषा केली, तो क्रीडामंत्र्यांना भेटला. पुढच्या वर्षी खेलरत्न त्याला मिळालं, विनेशला २०२०मध्ये.

इथे विराटच्या शून्याकडे नीट बघा. ते मिल्खांच्या रोममधल्या शून्यासारखं नाही. क्रिकेट तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हतं, क्रिकेटच्या कामगिरीला तक्त्यात गुणच ठेवलेले नव्हते. म्हणजे ती कोरी जागा होती, छापताना शून्य छापली गेली. सानियाच्या विम्बल्डनचंही तेच. त्यामुळे 'शून्य गुणवाल्याला पुरस्कार' ही ओरड अर्धवट होती. पण उलट बाजूही बघायला हवी. कोरी जागा समितीने भरली ती सगळ्यात प्रसिद्ध खेळाडूंच्या बाबतीत. गिरीशाचे, बजरंगचे गुण कागदावर होते, तरी ते बाजूला पडले. तक्त्याबाहेरची कामगिरी बघायचा अधिकार समितीला असावा, हे मला पटतं. पण तो वापरला तर का वापरला हे चार ओळींत लिहून जाहीर करायला काय हरकत आहे? कारण न सांगता वापरलेला अधिकार बाहेरून बघणाऱ्याला वशिल्यासारखाच दिसतो, मग आत कितीही प्रामाणिक चर्चा झालेली असो.

ज्यांच्या खेळाला ऑलिंपिक नाही

विराटची कोरी जागा भरायला लोक धावतात. सगळ्यांच्या नशिबी ते नसतं. खो-खो घ्या. आपल्या शाळांच्या मैदानांवर सगळ्यात जास्त खेळलेला खेळ, खर्च जवळजवळ नाही, दोन खांब आणि शिट्टी पुरे. पण ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे पदकांच्या तक्त्यात गुण मिळवायला वावच नाही. १९९८नंतर खो-खोला अर्जुन पुरस्कार मिळाला तो थेट २०२० साली, उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या सारिका काळेला. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती. मधल्या २२ वर्षांत देशात खो-खोचा एकही लायक खेळाडू झाला नाही, असं कोणी म्हणेल का? खेळाडू होत होते. त्यांना मोजायला जागा नव्हती.

अपंग खेळाडूंचंही असंच. आज पॅरालिंपिकची पदकं ऑलिंपिकच्या बरोबरीने मोजली जातात, हा मोठा बदल आहे. भालाफेकपटू देवेंद्र झाझरिया २०१७ साली खेलरत्न मिळवणारा पहिला पॅरा खेळाडू ठरला. त्याचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण २००४चं. पेटकरांचं १९७२चं. नियम बदलला की पुढचे लोक आत येतात. मागे राहिलेले मागेच राहतात, जोपर्यंत कोणी मुद्दाम मागे वळून बघत नाही, किंवा कोणी सिनेमा काढत नाही.

अर्ज कोणी भरायचा?

२०२४च्या डिसेंबरात बातमी आली, की खेलरत्नसाठीच्या नावांत मनू भाकर नाही. पॅरिसमधली दोन पदकं अजून ताजी होती. घरच्यांनी नाराजी बोलून दाखवली, मंत्रालयाकडून अर्जाचा मुद्दा पुढे आला, आणि शेवटी मनूनेच लिहिलं, की अर्ज भरताना कदाचित माझ्याकडूनच काही राहिलं असावं. २ जानेवारीला अंतिम यादी आली तेव्हा तिचं नाव त्यात होतं.

प्रकरण दोन आठवड्यांत मिटलं, म्हणून आपण विसरून गेलो. पण त्यात या सगळ्या इतिहासाचं सार आहे. पूर्वी खेळाच्या संघटना नावं पाठवायच्या, म्हणजे संघटनेशी पटलं नाही तर नाव अडकायचं. आता पोर्टलवर खेळाडू स्वतः अर्ज करू शकतो. ही सुधारणाच आहे. पण अर्जावर चालणारी यंत्रणा अर्ज नसेल तर काहीच बघत नाही. मनूसाठी आख्खा देश बोलला. तिच्या जागी तालुक्याच्या गावातली, इंग्रजी फॉर्म बघून बिचकणारी मुलगी असती तर? आणि खाशाबांनी कुठल्या पोर्टलवर लॉगिन करायचं होतं?

या पुरस्कारासोबत पैसेही येतात. २०२०पासून खेलरत्नची रक्कम २५ लाख आणि अर्जुनची १५ लाख रुपये आहे. क्रिकेटरला ती किरकोळ वाटेल. पैलवानाच्या घरात तेवढ्या पैशांत कर्ज फिटतं, बहिणीचं शिक्षण होतं, धाकट्या भावाचा खुराक सुटतो. घर गहाण ठेवून ऑलिंपिकला जाणाऱ्यांच्या देशात या रकमेला मानाइतकंच वजन आहे.

तीन कामं, एकच पिशवी

मला वाटतं आपण तीन वेगळी कामं एकाच पिशवीत कोंबली आहेत. पहिलं, यंदाच्या कामगिरीचं बक्षीस. त्याला तक्ता हवाच, आणि प्रत्येक उमेदवाराचे गुण सगळ्यांना दिसतील असे जाहीर हवेत, बातमीदाराच्या सूत्रांकडून नव्हे. दुसरं, जे तक्त्यात मावत नाही त्याची दखल: क्रिकेट, टेनिस, खो-खो, मल्लखांब. तिथे समिती हवी, पण कारणांसकट.

तिसरं काम जुन्या कोऱ्या जागा भरण्याचं. हे काम अर्जावर चालूच शकत नाही. पद्म पुरस्कारासाठी खाशाबांच्या मुलाने वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले. वडिलांचं ऑलिंपिक पदक सिद्ध करण्यासारखं काही उरलेलं नाही, ते नोंदीत आहे. अशा कामासाठी सरकारनेच माणूस बसवावा, जुन्या नोंदी काढाव्यात आणि कोणाचं राहिलंय ते शोधावं. अर्जुन जीवनगौरव हा त्यासाठीचा चांगला रकाना आहे, पण तो जिवंत माणसांपर्यंत वेळेत पोहोचायला हवा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. एकदा मागे वळायला लागलं की अंत कुठे? प्रत्येक राज्य आपापला विसरलेला वीर घेऊन उभं राहील, निवडणुका बघून नावं येतील, भारतरत्नच्या मरणोत्तर मागण्यांचं झालंय तसं. याचं उत्तर भावनेत नाही, नोंदींत आहे. ऑलिंपिक, पॅरालिंपिक, आशियाई स्पर्धा यांची पदकं मोजकी आहेत, तारखेसकट नोंदलेली आहेत. पुरस्कार सुरू होण्याआधीचे किंवा नियम अपुरे असतानाचे पदकविजेते, एवढीच व्याप्ती ठेवली तर यादी काही पानांची होईल. वैयक्तिक ऑलिंपिक पदकांपुरती १९९६च्या आधीची यादी किती मोठी आहे ते वर आलंच आहे.

'गेलेल्या माणसाला पुरस्कार देऊन काय उपयोग?' असंही कोणी विचारेल. खाशाबांना काही उपयोग नाही, हे खरंच. उपयोग तालमीत घाम गाळणाऱ्या पोराला आहे. पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकलं तेव्हा सगळ्या मराठी बातम्यांत एकच वाक्य होतं: ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या ७२च्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत झालं. आता महाराष्ट्रात १५ जानेवारी, खाशाबांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. स्वप्नीलला अर्जुन पुरस्कार पदकानंतर सहा महिन्यांच्या आत मिळाला. यंत्रणा सुधारली आहे याचा हा पुरावा आहे, आणि ती आधी काय करू शकली असती याचाही.

पुढच्या वर्षीची यादी येईल तेव्हा आपण भांडूच, आणि भांडावंही. ज्या देशात खेळाडूंवरून वाद होतात तिथे निदान खेळ महत्त्वाचा मानला जातो. फक्त एखाद्या नावासमोर आकडा दिसला नाही की 'याने काय केलंय?' असं विचारण्याआधी एकदा तपासून घ्यावं: याला मोजून शून्य मिळालंय, की याला कोणी मोजलंच नाही?